शांत माणसाचं लिंबू

१४ जानेवारी, संक्रांत

वही नवी. पेन डेपोतला, रिटायरमेंटच्या दिवशी खिशात राहून गेलेला.

पुष्पांजली काल संध्याकाळी माहेरी गेली, नवेगावला, भावाकडे. मोठी बॅग नेली. कारण अगदी क्षुल्लक. तिळगुळासाठी तीळ दळायला मी तिला मदत करत होतो. मिक्सरच्या भांड्याचं झाकण बसेना. मी शांतपणे बसवून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग ते भांडं भिंतीकडे गेलं. माझ्याच हातून गेलं, नाकबूल करत नाही. पण भिंतीला लागलं, तिला नाही. हा फरक ती लक्षात घेत नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिच्यावर कधी हात उचलला नाही. मी फक्त वस्तू उचलतो. वस्तूंना भावना नसतात.

घरभर तीळ.

जाताना तिने खिडकीतल्या लिंबाच्या कुंडीकडे बोट दाखवलं. म्हणाली, माह्यामागं या घरात ते एकच जितं हाय. त्याले निंबू लागू द्या, अन् तो तुमच्या हातून सलामत राहू द्या. मंग फोन करा. मी येईन सरबत प्याले.

एवढंच? एक लिंबू? अख्खी नोकरी मी बसस्टँडवर कंट्रोलर होतो. माईकवर बसून चारी दिशांच्या गाड्या लावल्या. एका झाडाचं काय एवढं!

संकल्प: आजपासून राग बंद. आवाज खाली. वस्तू जिथल्या तिथे. गोड बोलायचं. आजचा दिवसच त्याचा आहे.

१४ जानेवारी, रात्री

दूधवाल्याशी थोडं झालं. तो मोजणीत चढत नाही, कारण संकल्प करताना दूधवाला डोक्यात नव्हता.

१६ जानेवारी

एकाच झाडावर भरवसा ठेवणं धोक्याचं. स्टँडवर आम्ही नेहमी एक स्पेअर गाडी ठेवायचो. म्हणून नर्सरीत गेलो. एक मोसंबी, एक संत्रा, दोन्ही कलमी. शिवाय एक मनीप्लांट, एक कोरफड आणि एक स्नेक प्लांट. मोबाईलवर म्हणतात की घरातली झाडं मनाला शांती देतात. मला शांतीची गरज नाही, पण असलेली बरी.

नर्सरीवाल्याने विचारलं, घरात ऊन किती वेळ येतं. मी म्हटलं, ऊन मी बघून घेईन. तो म्हणाला, फ्लॅटमध्ये लिंबू-संत्रा कठीण आहे साहेब, खिडकीजवळ ठेवा आणि पाणी कमी द्या. पाणी कमी द्या! हे मला, ईश्वरदास पुस्तोडेला सांगतो! आम्ही कोहळी माणसं. या भागातले जुने तलाव आमच्या लोकांनी बांधले. पाणी आम्हाला शिकवतो! मी त्याला हे समजावून सांगितलं. माझा आवाज मुळात मोठा आहे, माईकची सवय. त्याची एक कुंडी फुटली. कडेलाच ठेवली होती.

१९ जानेवारी

जागेचा प्रश्न. फुलचूरचा हा फ्लॅट दोन खोल्यांचा, दुसऱ्या मजल्यावर. गॅलरी एका खाटेएवढी. पण नियोजन असलं की सगळं बसतं. मनीप्लांट फ्रिजवर. स्नेक प्लांट टीव्हीवर, कारण टीव्ही दिवाळीपासून बंदच आहे (रिमोटचं ते प्रकरण). कोरफड देवघराशेजारी. मोसंबी बाथरूममध्ये, तिथे बारीक खिडकी आहे. संत्रा पलंगावर, पुष्पांजलीच्या बाजूला. गॅलरी पूर्ण लिंबासाठी.

रात्री कूस बदलली आणि संत्र्याचा काटा खांद्यात गेला. अर्धवट झोपेत मी त्याला एक ठेवून दिली. दुसरा काटा तळहातात. याला म्हणतात विनाकारण भांडण उकरून काढणं. हात आधी त्याने उचलला.

२३ जानेवारी

लिंबाला कळ्या! मोहरीएवढ्या, पांढऱ्या, टोकाला किंचित जांभळ्या. वास इतका छान की मी नाक तिथेच ठेवून उभा राहिलो. पुष्पांजली असती तर तिला हाक मारली असती. हाक मारलीच. मग आठवलं.

पण कुंडी हातात घेतली तर माती ठणठणीत कोरडी. महिनाभर हिने त्याचं पाणी तोडलेलं! मी तेव्हा विचारलं होतं, काऊन पाणी देत नाही. तर म्हणे ताण दिला की बहार येते. म्हणजे उपाशी ठेवायचं आणि वर त्याला माया म्हणायचं. आणि रागीट कोण, तर मी. लगेच बादलीभर ओतलं. झाड काही बोललं नाही, पण मला समाधान वाटलं.

२६ जानेवारी

ऐतिहासिक दिवस. गॅलरीत तलाव बांधला.

पाणी नुसतं ओतून वाया जातं, मोरीतून पळतं. म्हणून विटा आणि सिमेंट आणून दाराशी पाळ घातली. मोरीच्या तोंडाला जुना टॉवेल ठोकून बसवला. पाणी सोडायचं असेल तेव्हा टॉवेल ओढायचा, म्हणजे तेच तुडूम, तलावाचं दार. पाणी फार झालं तर बाहेर पडायला कठड्याखाली एक फट, तो सांडवा. आत टाचेच्या वर पाणी उभं आणि मध्ये लिंबाची कुंडी. धानाच्या बांधीत पाणी उभं राहतं तेव्हाच धान पोसतं. लिंबू काय वेगळं आहे? पाणी ते पाणी.

विटा फोडताना हातोडी अंगठ्यावर बसली. मी हातोडीला काही बोललो नाही. ती आता खालच्या अंगणात आहे.

खालून हिरालाल वर आला. हा पहिल्या मजल्यावर राहतो, धानाची दलाली करतो. हातोडी दाखवून म्हणाला, पुस्तोडेजी, ये आपकी है क्या, मेरे पाँव के बाजू में गिरी. मी म्हटलं बाजूमध्येच ना. झेंडावंदनाचा दिवस म्हणून पुढे वाढवलं नाही.

२ फेब्रुवारी

फुलं गळतायत. पाण्यावर पांढरी फुलं तरंगतात. दिसायला सुंदर, पण हिशेब चुकतोय. पानंही पिवळी. तहान असणार. पाणी वाढवलं.

७ फेब्रुवारी

आज युद्ध.

पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं. काडीने टोचलं तर ते हललं. अळी! आणि डोक्यातून दोन लाल शिंगं बाहेर काढून माझ्यावर उगारली. वर एक उग्र वास. माझ्या घरात, माझ्या झाडावर, मला शिंगं दाखवते!

चप्पल घेतली. पहिली अळी पानासकट गेली. दुसरी फांदीसकट. तिसरी कठड्यावर सापडली, तिला मी एकाच फटक्यात शिंगांसकट पसरवलं. मग हिरव्या मोठ्या निघाल्या. त्यांच्या अंगातून हिरवं पाणी उडालं, माझ्या बनियनवर, चष्म्यावर. मी थांबलो नाही. किती वेळ हाणत होतो माहीत नाही. पाणी ढवळून चिखल झाला, चपलेचा अंगठा तुटला. शेवटी पाहिलं तर अळ्या संपल्या होत्या आणि झाडही बरंचसं संपलं होतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं. पण जिंकलो.

कुंदावहिनी, म्हणजे हिरालालची बायको, खालून ओरडली, काऊन जी भाऊजी, कोनाले मारून राहिले? मी म्हटलं कोणाला नाही, बागकाम चालू आहे.

८ फेब्रुवारी

आतल्या बाजूला, भिंतीकडे, एका फांदीवर तीन फुलं अजून शाबूत. मी तिथे पोचलो नव्हतो म्हणून वाचली असतील. किंवा मी मनातून वाचवली असतील. दुसरं बरोबर वाटतं.

१५ फेब्रुवारी

पुष्पांजलीच्या भावाला, वीरेंद्रला, फोन. ती फोनवर आली नाही. वीरेंद्र म्हणाला, ते तलावावर गेली हाय फिराले. मी विचारलं, माझ्याबद्दल काही विचारते का. म्हणाला, निंबाचं विचारते. मी म्हटलं जोरात आहे. मोसंबीबद्दल काही बोललो नाही. मोसंबी बाथरूममध्ये वाळून गेली, खाली कमोडजवळ पानांचा ढीग आहे. अंधारात राहायची तिला सवय करता आली नाही, तर त्याला मी काय करणार.

फोन ठेवल्यावर घर फार शांत होतं. लोक म्हणतात मी शांत हवा. घर असं शांत असेल तर नको.

भाकरीच्या पिठात एक तीळ सापडला.

४ मार्च

मूर्खपणाचा कळस. हिरालाल म्हणतो माझ्या तलावामुळे त्याच्या घरात धान उगवलं.

झालं असं. तो वेगवेगळ्या गावांच्या धानाचे नमुने पुड्यांमध्ये बांधून माळ्यावर ठेवतो, मिलवाल्यांना दाखवायला. माळा माझ्या गॅलरीच्या बरोबर खाली. माझं पाणी स्लॅबमधून झिरपत होतं म्हणे, आणि आज त्याने पुड्या काढल्या तर प्रत्येक पुडीतून हिरवे कोंभ. आता कोणत्याही शहाण्या माणसाने विचार करावा. पाण्याने धान उगवलं, ही तक्रार झाली की कौतुक? मी हेच त्याला म्हटलं. म्हटलं हिरालालजी, आपको तो मुझे धन्यवाद देना चाहिए.

तो म्हणाला, तेरे बाप का तालाब है क्या ऊपर?

बापाचं नाव काढलं. तलावाचंही काढलं.

४ मार्च, नंतर

सविस्तर लिहून ठेवतो, पुढे कोणी विचारलं तर. मी त्याची कॉलर धरली, पण ती फक्त त्याला नीट ऐकू यावं म्हणून. त्याने माझी धरली. आम्ही जिन्यात गोल फिरलो. त्याचं डोकं इलेक्ट्रिकच्या मीटरवर आपटलं, ते मीटर चुकीच्या जागी असल्यामुळे. त्याने माझ्या पोटात गुडघा घातला. मग मी ठोसा मारला. ठोसा नाकावरच बसला, रक्त आलं, त्याच्या पांढऱ्या शर्टावर, माझ्या मनगटावर. दुसरा ठोसा मारला तेव्हा तो खाली वाकला. दाराची चौकट वाकली नाही. माझ्या हाताचा आवाज आला, काडी मोडल्यासारखा.

कुंदावहिनी दोघांमध्ये येऊन उभी राहिली आणि म्हणाली, दोघंबी मरा पन जिन्याच्या खाली जाऊन मरा, मीनं आताच जिना धुतला. तिने आधी नवऱ्याच्या नाकावर हळद दाबली, मग माझ्या हाताला ओढणी बांधली. वर म्हणाली, भाऊजी, पुष्पाबाई कायले गेली ते आता समजून राहिलं.

माझं नेमकं हेच म्हणणं आहे. ही गोष्ट हिरालालनेच वाढवली.

५ मार्च

उजव्या हाताला प्लॅस्टर, कोपरापर्यंत. डॉक्टर म्हणाले बादली उचलायची नाही. हे सगळं डाव्या हाताने लिहितोय.

डाव्या हाताने तलाव फोडला. तसं हिरालालला कबूल करावं लागलं, कुंदावहिनीच्या समोर. पूर्वजांची माफी मागितली आणि पहार घातली. पाळ मजबूत निघाली, आपलं बांधकाम. चिडून जोरात घाव घातला तर टाईल, मोरीचा पाईप आणि कोरफडीची कुंडी गेली. कोरफड तिथे कशी आली कोण जाणे. मीच हवा खायला ठेवली असेल.

पाणी सगळं खाली गेलं. हिरालालच्या स्कूटरवर.

२८ मार्च

चमत्कार. पाणी द्यायला हात नाही, म्हणून झाडाजवळ नुसता बसतो आणि डाव्या हाताने गडवाभर शिंपडतो. आणि झाड सुधारतंय! नवी पालवी, तांबूस, चकचकीत. तीन फुलांपैकी दोन गळली, पण तिसऱ्याच्या जागी हरभऱ्याएवढं हिरवं फळ!

हे माझ्या बोलण्यामुळे झालं. मी त्याच्याशी रोज बोलतो. स्टँडवरच्या गोष्टी सांगतो. आवाज खाली ठेवून.

१७ एप्रिल

फळ बोराएवढं. ऊन भयंकर. गॅलरीला पुष्पांजलीची जुनी साडी बांधली, सावलीसाठी. साडीला तिच्या पेटीचा वास आहे, कापूर आणि कडुनिंबाची पानं. दुपारभर तिच्याखाली बसलो. एकाही गोष्टीचा राग आला नाही. दुपारभर!

हे तिला सांगायला हवं, पण सांगितलं तर म्हणेल, मग इतकी वर्षं काय झालं होतं. म्हणून नाही सांगितलं.

९ मे

दुसरं युद्ध. सकाळी अकरा.

वांदर आले. टोळीच. समोरच्या सिंदीच्या झाडावरून गच्चीवर, गच्चीवरून माझ्या गॅलरीत. मी पलंगावरचा संत्रा जरा उन्हात ठेवला होता, सोबतीला स्नेक प्लांट आणि मनीप्लांटही. म्होरक्या, काळ्या तोंडाचा, कठड्यावर माणसासारखा बसून संत्र्याची पानं एकेक करून तोडत होता. माझ्याकडे पाहत. चावत.

प्लॅस्टर अजून हातावर होतं. ते मी शस्त्र म्हणून वापरलं. पहिला फटका खिडकीच्या काचेला. दुसरा स्नेक प्लांटला, तो हवेतून गेला तो हिरालालच्या पत्र्यावर. तिसरा संत्र्याला. म्होरक्याने लिंबाकडे हात केला. तेव्हा माझ्या तोंडून जी शिवी निघाली, ती मी आजवर कोणत्याही ड्रायव्हरला दिली नाही. मी फळावर पालथा पडलो. अख्खं झाड मिठीत घेतलं. काटे छातीत, पोटात, गालात. वांदर पाठीवर चढला, केस ओढले, कान चावला. मी हललो नाही. बनियन लाल झालं. शेवटी कंटाळून गेला. जाताना मनीप्लांट नेला. त्याचं तो काय करणार हे मला माहीत नाही.

फळ शाबूत! आवळ्याएवढं, हिरवंगार, माझ्या रक्ताचा एक थेंब त्याच्यावर. पुसला.

दवाखान्यात इंजेक्शन देणारी बाई म्हणाली, एका निंबासाठी? मी म्हटलं, ताई, तुम्हाला नाही कळणार. आवाज खाली होता.

१० मे

प्लॅस्टर काल तुटलंच होतं. आज काढलं. हात वाकडा बसला आहे पण फेकायला बरा आहे. म्हणजे काम करायला.

२२ जून

लिंबू पिवळं पडू लागलं. देठाकडे हिरवं, खाली पिवळं. साल पातळ, ताणलेली. बोटाने नुसतं घासलं तरी वास.

वीरेंद्रला फोन केला. म्हटलं फोन तिला दे. पुष्पांजली आली. इतक्या महिन्यांनी आवाज. मी म्हटलं, लिंबू लागलं. ती म्हणाली, खरंच? मी म्हटलं खरंच. म्हणाली, अन् तुमच्या हातून सलामत हाय? मी म्हटलं, माझ्याच हातून सलामत आहे. मग ती हसली. म्हणाली, तोडू नोका, पिकू द्या. तेरा तारखेले ऐतवार हाय. बसनं येतो.

संकल्प नव्याने. आता खरोखर.

६ जुलै

घर पुसलं. पलंगाखाली मूठभर तीळ निघाले. मिक्सरचं नवं भांडं आणलं. झाकण बसतं. दुकानात बसवून पाहिलं, घरी आल्यावरही. अडकलं तर नाद सोडायचा असं ठरवून पाहिलं.

हिरालालकडे जाऊन सांगितलं की पुष्पांजली येते आहे, तेव्हा जुनं विसरावं. तो म्हणाला, मैं भूल जाऊँगा, मेरी नाक नहीं भूलती. मी हसलो. मनापासून नाही, पण हसलो.

१३ जुलै, रविवार, सकाळी

लिंबू तोडलं. कात्रीने, देठ थोडा ठेवून. धुतलं, पुसलं. दोन काचेचे ग्लास मांडले, पाणी गार केलं, काळं मीठ काढलं. साखर संपली आहे, ती ऐन वेळी लक्षात आली. मिठाचंही सरबत होतं.

तिला घ्यायला गेलो नाही. तिला वाटलं पाहिजे की मी घरी स्वस्थ बसलो आहे. लिंबू हातात घेऊन गॅलरीत बसलो आहे. फार शांत वाटतं आहे. ईश्वरदास पुस्तोडे हा माणूस मुळात शांत आहे, याला आज साक्ष मिळणार.

१३ जुलै, संध्याकाळी

जे झालं ते असं.

खाली अंगणात हिरालाल कोणाशी फोनवर बोलत होता. मी ऐकत नव्हतो. तो मोठ्याने बोलत होता. म्हणाला, अरे वो ऊपरवाला, एक नींबू के पीछे पगला गया है. बीवी आज आ रही है उसकी. देखना, शाम की बस से वापस भागेगी.

मी आकडे मोजले. डॉक्टरांनी सांगितलंय, एक ते दहा. सातपर्यंत गेलो. मग हातात जे होतं ते गेलं.

मला वाटलं चप्पल असेल.

ते हिरालालच्या कानाजवळून गेलं, लोखंडी फाटकावर आपटलं, आणि घरंगळत जाऊन एका पायापाशी थांबलं. पुष्पांजलीच्या. ती त्याच क्षणी फाटकातून आत येत होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात साखरेची पुडी. माझ्याकडे साखर नसणार हे तिला नवेगावातूनच माहीत होतं.

तिने वर पाहिलं. मी हात वर केला, तिला ये म्हणायला. हिरालाल स्कूटरच्या मागे लपला.

तिने लिंबू उचललं. एका बाजूने फुटलं होतं. पदराने पुसलं. कुंदावहिनी दारात आली, तिने पुष्पांजलीचा दंड धरला आणि तिला आत घेऊन गेली. पहिल्या मजल्यावर. माझ्या खाली.

मी दोन्ही ग्लास मांडून बसलो. येईल वर, असं वाटलं. मग खालून चमच्याचा आवाज आला, काचेच्या ग्लासात साखर ढवळल्याचा. खालच्या घरातला आवाज इतका स्पष्ट वर येतो हे मला माहीत नव्हतं. म्हणजे माझाही खाली जात असणार. सगळा.

थोड्या वेळाने कुंदावहिनी एक ग्लास घेऊन वर आली. तळाशी चार घोट सरबत. म्हणाली, पुष्पाबाईनं पाठवलं. पेऊन घ्या, अन् गिलास धुऊन तुमीच खाली आनून देजा. फुटला नाई पायजे म्हनते.

प्यालो. माझ्याच लिंबाचं. साखर थोडी जास्त, तिच्या हाताचं प्रमाण. मी इतके महिने काय पीत होतो कोण जाणे. डोळ्यांत पाणी आलं. लिंबू आंबट होतं.

ग्लास धुतला. पुसला. आता खाली जातो. एका जिन्याचं काम आहे.

१४ जुलै

ग्लास फुटला.

माझी चूक नाही. मी अगदी जपून, दोन्ही हातांनी धरून, दारापर्यंत पोचलो होतो. तेवढ्यात आतून हिरालाल हसला. टीव्हीवर काही असेल, पण मला काय माहीत.

दार उघडलं तेव्हा मी उभा होतो आणि काचा पायरीपायरीवर होत्या. पुष्पांजलीने काचांकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. कुंदावहिनीचा झाडू घेतला आणि जिना झाडला, वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत. मी म्हटलं, पाय सांभाळ. ती म्हणाली, सवय हाय. रात्री खालीच झोपली.

वर आलो. लिंबाची कुंडी वाटेत होती. सकाळी ती वाटेत नव्हती. ती अंगणात, हिरालालच्या स्कूटरच्या सीटवर, मुळं वर करून. कडेलाच ठेवली होती.

पुष्पांजली सकाळच्या बसने गेली. तिला जाताना त्या स्कूटरच्या बाजूनेच जावं लागलं. एक पान तोडून तिने हातात चुरगाळलं आणि नाकाशी नेलं. वर पाहिलं नाही.

१५ जुलै

कुंदावहिनीने कागदाची पुडी आणून दिली. आत लिंबाच्या बिया, धुऊन वाळवलेल्या. म्हणाली, पुष्पाबाई देऊन गेली. सांगून गेली का लावा म्हना. निंबू लागला अन् सलामत राह्यला, त फोन करा. मंग येईन म्हने सरबत प्याले.

शब्दन् शब्द तोच. म्हणजे बोलणी तुटलेली नाहीत. मी वहिनीला म्हटलं, पाहिलंत? ती जिना उतरून गेली.

आता नव्याने सुरुवात. बियांबद्दल मोबाईलवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस हसत हसत सांगतो की बियांपासून लिंबाला फळ यायला पाच-सहा वर्षं लागतात, घरात ठेवलं तर जास्तच. काहीही बोलतो. मी येत्या संक्रांतीपर्यंत आणून दाखवतो. पुढे तो काय म्हणाला ते कळलं नाही. मोबाईल आता भिंतीपाशी पडला आहे.